कॉकपिटमधील टॅब्लेट : बसविण्याचा प्रश्न आणि उड्डाणसुरक्षा

प्रस्तावना

८ ऑगस्ट २०१४ रोजी जेट एअरवेजचे मुंबईहून ब्रुसेल्सला निघालेले बोइंग ७७७ विमान अंकाराच्या हवाई क्षेत्रातून जात असता, नेमून दिलेली ३४,००० फुटांची उंची सोडून सुमारे ५,००० फूट खाली आले. मुख्य वैमानिक त्या वेळी नियमानुसार अनुज्ञेय विश्रांती घेत होते आणि सहवैमानिकाचे लक्ष टॅब्लेटवरील उड्डाणविषयक माहितीत गुंतले होते, असे तत्कालीन वृत्तांतून पुढे आले. चूक जमिनीवरील नियंत्रकाने निदर्शनास आणली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दोघांनाही उड्डाणापासून दूर केले. व्यक्तीवर दोष ठेवून असे प्रकरण मिटविता येते. परंतु नजर जिथे खिळली ती वस्तू कॉकपिटमध्ये नेमकी कोठे असावी, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या तांत्रिक बाजूचा विचार केला आहे.

सामान की विमानाचा भाग ?

नकाशे, धावपट्ट्यांचे तक्ते आणि नियमपुस्तिका यांनी भरलेली वैमानिकाची बॅग सुमारे १६ किलो वजनाची असे. तिची जागा घेणाऱ्या उपकरणास ‘इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग’ म्हणतात. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत आयपॅड वापरण्याची परवानगी मिळाली. त्यानंतर जगभरातील व भारतातील विमान कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. वजन घटले, इंधन वाचले, सुधारित नकाशे हातांनी बदलण्याचे कंटाळवाणे काम संपले. हे लाभ निर्विवाद आहेत.

अडचण वर्गीकरणात आहे. अमेरिकेच्या जुन्या नियमावलीत या उपकरणांचे तीन वर्ग होते : सुटे, माउंटवर बसविलेले आणि विमानातच अंतर्भूत केलेले. पुढे ‘सुवाह्य’ आणि ‘स्थापित’ असे दोनच वर्ग उरले. टॅब्लेट सुवाह्य ठरतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो वैमानिकाचे सामान होय. तो पेलणारा माउंट मात्र विमानाला स्क्रूने जोडला की विमानाच्या रचनेतील बदल ठरतो आणि त्यास रीतसर मान्यता घ्यावी लागते. त्यातच टॅब्लेटचे आकारमान दर एक-दोन वर्षांनी बदलते. मान्यता मिळेपर्यंत ज्या नमुन्यासाठी साचा केला तो बाजारातून गेलेला असतो. ही कटकट टाळण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे बाजूच्या काचेला चिकटणारा सक्शन कप.

सक्शन कपचे भौतिकशास्त्र

सक्शन कप काचेला ‘चिकटत’ नाही. बाहेरील हवेचा दाब त्यास दाबून धरतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १,०१३ हेक्टोपास्कल असतो. उड्डाणात केबिनमधील दाब ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका, म्हणजे सुमारे ७५० हेक्टोपास्कलपर्यंत उतरू शकतो. ८ सेंटिमीटर व्यासाच्या आदर्श कपवर जमिनीवर सुमारे ५० किलो वजनाइतके बल असेल, तर वर ते ३८ किलोच्या आसपास येते. प्रत्यक्षात कपमध्ये थोडी हवा शिल्लक राहतेच. तिचा दाब ३०० हेक्टोपास्कल धरला तर जमिनीवरची पकड ३५ किलोच्या आसपास आणि केबिनमध्ये जेमतेम २३ किलो उरते. टॅब्लेट पेलण्यास हेही पुरेसे आहे. पण ३५,००० फुटांवर केबिनचा दाब अचानक गेला तर बाहेरचा दाब २४० हेक्टोपास्कलपर्यंत घसरतो. तो आतील दाबापेक्षाही कमी असल्याने कपमधील हवा प्रसरण पावते, कडा उचलली जाते आणि पकड सुटते. म्हणजे वैमानिक प्राणवायूचा मुखवटा चढवून जवळचा विमानतळ शोधत असताना, नकाशा ज्यावर आहे तीच वस्तू खाली पडण्याची शक्यता सर्वाधिक ! काचेवरील धूळ आणि उन्हाने कडक झालेले रबर यांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

पडलेली वस्तू कोठे जाते ?

२०१४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या व्हॉयेजर विमानात, म्हणजे एअरबस ए-३३० च्या लष्करी रूपात, एक कॅमेरा आसनाचा हात आणि साइडस्टिक यांच्यामध्ये अडकला. आसन पुढे सरकताच साइडस्टिक दाबली गेली आणि विमान २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली गेले. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात वणवा विझविणाऱ्या चिनूक हेलिकॉप्टरच्या पेडलमध्ये सुटा आयपॅड अडकला. दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. मोठ्या विमानांच्या रचना-निकषांत आपत्कालीन उतरणीसाठी पुढील दिशेने गुरुत्वाच्या नऊपट बल गृहीत धरलेले असते. त्या क्षणी माउंटसह एक किलोची वस्तू नऊ किलोसारखी ओढ देते.

जागेचाही प्रश्न विमानागणिक बदलतो. एअरबस ए-३२० मध्ये साइडस्टिक बाजूला असल्याने वैमानिकासमोर सरकते टेबल आहे. बोइंग ७३७ मध्ये तेथे नियंत्रणस्तंभ आहे आणि त्यावर भार लादणे इष्ट नाही. बाजूची सरकणारी काच या दोन्ही विमानांत वैमानिकांचा आपत्कालीन मार्गही असतो. तेथे माउंट बसविला तर तो सुटकेच्या वाटेत येतो. आवरणातील चुंबक राखीव होकायंत्रास विचलित करतात, हे सहसा ध्यानात येत नाही. उष्णतेचे गाऱ्हाणे तर नायगाव-जूचंद्र रस्त्यावर हँडलला मोबाईल लावणाऱ्या रिक्षाचालकासही ठाऊक असते. आयपॅड ३५ अंश सेल्सिअसपर्यंत वापरावा, असे निर्माता सांगतो. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी काचेलगत ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि उपकरण स्वतःहून बंद पडते. सावलीसाठी ते खाली बसविले तर नजर उड्डाणमापकांपासून दूर जाते.

या साऱ्यात लिथियम बॅटरीची अट आणखी एक पेच निर्माण करते. माउंटने नऊपट बल सोसून टॅब्लेट घट्ट धरावा, ही एक अपेक्षा. बॅटरी पेटू लागली तर धुरात, मुखवटा लावलेल्या वैमानिकास तोच टॅब्लेट एका हाताने काही सेकंदांत सोडविता यावा, ही दुसरी. पहिलीसाठी कुलूपबंद पकड हवी, दुसरीसाठी एका दाबाने उघडणारी. चार्जिंगची वायर जोडलेली असेल तर तीही त्याच झटक्यात सुटली पाहिजे, अन्यथा जळते उपकरण वायरीला लोंबकळत वैमानिकाच्या गुडघ्यापाशी राहील.