घर उचलायला फुगे किती?

कार्ल फ्रेडरिक्सन या म्हाताऱ्याचं लाकडी घर पायापासून उखडतं आणि हजारो रंगीत फुगे त्याला शहरावरून उचलून नेतात. पिक्सारच्या ‘अप’ (२००९) या चित्रपटातला हा प्रसंग पाहताना घराचं वजन किती असेल, हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. तो जरूर विचारावा, कारण उत्तर मोठं सुंदर आहे.

वाढदिवसाला लावतात तसा फूटभर व्यासाचा फुगा घेऊ. त्यात सुमारे १४ लिटर हेलियम मावतो. एक लिटर हेलियम साधारण एक ग्रॅम वजन उचलतो. रबर आणि दोऱ्याचे तीनेक ग्रॅम वजा जाता एका फुग्याची उचल ११ ग्रॅम उरते. घर ५० टनांचं धरलं, तर ४५ लाखांच्या आसपास फुगे लागतील. पिक्सारच्या चित्रकारांनी उड्डाणाच्या क्षणी दाखवले २०,६२२ आणि नंतरच्या बहुतेक दृश्यांत १०,२९७. आपल्या हिशेबाने वीस हजार फुगे सव्वादोनशे किलो उचलतील, म्हणजे जेमतेम तीन धडधाकट माणसं!

मग खरा आकडा का नाही घेतला? ४५ लाख फुग्यांचा घोस पन्नास मीटरहून रुंद झाला असता, पंधरा मजली इमारतीएवढा. त्याखाली घर खोक्याएवढं दिसलं असतं आणि खिडकीतला कार्ल तर दिसलाच नसता. गोष्ट त्याची आहे, म्हणून फुगे कमी झाले. मात्र एक फुगा शेजारच्यावर आदळला की तो किती सरकेल, हे संगणकाने गतीच्या नियमांनुसारच काढलं. संख्या मनाची, धक्के निसर्गाचे. चांगल्या ॲनिमेशनमध्ये एक नियम वाकवला की दुसरा घट्ट धरावा लागतो, आणि ही निवड मला त्या कलेतली सर्वांत अवघड गोष्ट वाटते.

डिस्नेच्या स्टुडिओत नवशिक्या चित्रकारांना अर्धवट भरलेल्या पिठाच्या पोत्याची चित्रं काढायला लावत. पोतं हसलं पाहिजे, रुसलं पाहिजे, उडी मारली पाहिजे. आपटल्यावर ते चपटं होईल, उडताना लांबेल, पण आतलं पीठ तेवढंच राहील: उंची घटली की रुंदी वाढणार. खरा दगडी गोळा जमिनीवर पडताना असा चपटा होत नाही, पण पडद्यावरचा झाला तरी चालतो. त्याचं आकारमान मात्र बदललं, तर तो फुगल्यासारखा किंवा आटल्यासारखा वाटतो आणि त्याचं वजनच नाहीसं होतं.

गुरुत्वाकर्षणाची सर्वांत प्रसिद्ध मोडतोड मात्र त्याच्याही पुढची. चक जोन्स यांनी १९४९ साली ‘रोड रनर’ मालिकेतला पहिला लघुपट केला. त्या मालिकेतला वाइल ई. कायोटी धावत धावत कड्याबाहेर जातो, अधांतरी थांबतो, खाली बघतो आणि मग कोसळतो. प्रत्यक्षात कडा सुटल्या क्षणापासून तो खाली जाऊ लागला असता. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर पहिल्या चौकटीत साडेआठ मिलिमीटर, अर्ध्या सेकंदात सव्वा मीटर, पूर्ण सेकंदात जवळजवळ पाच मीटर. आणि हे सगळं पुढे सरकत सरकत, वक्र रेषेत.

तरीही लहान मुलालासुद्धा ते दृश्य खटकत नाही. मानसशास्त्रज्ञ मायकेल मॅक्क्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत याचा एक धागा सापडतो. चालता चालता माणसाने हातातला चेंडू सोडला तर तो कुठे पडेल, असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. ‘सोडला तिथेच, सरळ खाली’, असं कितीतरी जणांनी सांगितलं. खरं तर चेंडू माणसाचा वेग घेऊन पुढे जातो. कायोटीचं सरळ खाली कोसळणं न्यूटनला मान्य नसलं, तरी आपल्या मनातल्या भौतिकशास्त्राला मान्य आहे. शिवाय अधांतरी मिळालेल्या त्या क्षणी त्याला स्वतःची अवस्था कळते, आणि त्याला कळलं हे आपल्याला कळतं. पडणं तेवढ्यासाठी थांबलेलं असतं.

संगणक आल्यावर ही सवलत महाग झाली. ‘ब्रेव्ह’ (२०१२) मधल्या मेरिडाच्या डोक्यावर दीड हजारांहून अधिक लाल कुरळ्या बटा आहेत. ॲनिमेशनमधलं पात्र खऱ्या माणसाला झेपणार नाही अशा झटक्याने मान वळवतं. हातांनी रेखाटताना चित्रकार केस हवे तसे काढी. इथे मात्र केसांचं गणित संगणक करत होता आणि त्या झटक्याने बटांची वेटोळी उलगडून केस सरळ होत. केस ताठ केले, तर ते तारेसारखे दिसत. म्हणून पिक्सारच्या संशोधकांनी प्रत्येक बटेच्या मधून एक अदृश्य गुळगुळीत रेषा कल्पिली. बट किती ताणायची हे त्या रेषेवरून ठरे, त्यामुळे वेटोळी टिकली आणि केस मऊही राहिले. हे गणित त्यांनी पुढे शोधनिबंधात मांडलं.