ताप उतरला, ताटाचे काय?

चिकुनगुनियाचा ताप आठवडाभरात उतरतो, सांधे मात्र महिनोन्‌महिने धरलेले राहतात. २००६ साली महाराष्ट्राने हे भोगले आहे. दवाखान्यात गोळ्या मिळतात, वर सल्लाही मिळतो : डाळ, अंडी, दूध घ्या. हातावर पोट असलेल्या आमच्या माणसाने ते आणायचे कोठून? आजारात मजुरी बुडते. झिजलेले अंग भरून यायला प्रथिने हवीत, त्याच दिवसांत घरची डाळ पातळ होते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. त्याने भूक भागते, झीज भरत नाही. क्षयरोग्याला पोषणासाठी सरकार २०१८ पासून पैसे देते. २०२४ पासून ते दरमहा १००० रुपये झाले. मग तापातून उठलेल्या मजुराने काय घोडे मारले?

संविधानाचा अनुच्छेद ४७ जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानतो. हे मार्गदर्शक तत्त्व न्यायालयातून थेट बजावता येत नाही, हे आम्ही वकील म्हणून जाणतो. म्हणूनच ते चळवळीने बजावून घ्यायचे आहे. औषधाच्या चिठ्ठीसोबत महिनाभराची डाळ-अंडी रेशनवर द्या, हे निवेदन प्रत्येक वस्तीने तहसील कचेरीवर न्यावे.

जय भीम!