डिझेल ट्रकच्या इंजिनाची स्कॅन टूल विदानोंद

स्कॅन टूल विदानोंद ही डिझेल इंजिनाच्या नियंत्रण संगणकाकडून संवेदकांची मोजमापे ठरावीक अंतराने वाचून ती कालक्रमाने साठवण्याची व त्यांवरून इंजिनाची प्रकृती पारखण्याची पद्धत आहे. केवळ दोष-संकेतांक वाचण्यापेक्षा ती वेगळी आहे. मोजमापाने ठरलेली मर्यादा ओलांडली की संकेतांक उमटतो. नोंदीत त्या मर्यादेकडे होणारी वाटचाल आधीच दिसते. परभणी जिल्ह्यात कापूस व उसाची वाहतूक मोजक्या महिन्यांत एकवटते. भर हंगामात ट्रक उभा राहिला तर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, म्हणून हा आगाऊ इशारा महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांचे निदान कानाने आणि धुराच्या रंगावरून होत असे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळणे, अशी मिस्त्रींची परिभाषा होती. भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून, तर भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. स्टेज-६ इंजिनात काजळी निष्कास नळीतील फिल्टरमध्येच अडकते. त्यामुळे आतला बिघाड वाढत असतानाही बाहेर काळा धूर दिसत नाही. अनुभवी मिस्त्रीचा एक भरवशाचा पुरावा असा नाहीसा झाला आणि त्याची जागा फिल्टरच्या दोन्ही बाजूंमधील दाबफरकाच्या आकड्याने घेतली.

अवजड वाहनांत ही माहिती बहुधा एसएई जे१९३९ या संकेतानुसार वाहते. यात दोषाला दोन क्रमांक असतात: एक कोणते मोजमाप ते सांगतो, दुसरा त्यात काय बिघडले ते. ११० हा क्रमांक शीतकाच्या तापमानाचा. त्यापुढे ० असल्यास तापमान खरोखरच धोकादायक वाढलेले असते. ३ असल्यास संवेदकाचे व्होल्टेज प्रमाणाबाहेर असते, म्हणजे आधी वायर व सॉकेट तपासावे लागते. हा भेद न पाहता रेडिएटर उतरवणे हा फुकटचा खर्च होय.

नोंद घेण्याची पद्धत

पहिली नोंद इंजिन निरोगी असतानाच घ्यावी लागते. तुलनेला आधार नसेल तर पुढचे आकडे अर्धेच बोलतात. चावी फिरवून इंजिन सुरू न करता हवेच्या दाबाचा संवेदक पाहिला, तर तो स्थानिक वातावरणीय दाब दाखवतो. समुद्रसपाटीपासून साधारण ३५० ते ४०० मीटर उंचीवरील परभणी परिसरात तो सुमारे ९६ ते ९७ किलोपास्कल असावा. तो बराच वेगळा आला तर संवेदकच संशयास्पद ठरतो. त्यानंतर थंड इंजिन, गरम इंजिन आणि भरलेला ट्रक चढावर, अशा तीन अवस्थांची नोंद घेतात. जिंतूरच्या डोंगराळ भागातील चढ यासाठी सोयीचे आहेत. स्क्रीन चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्याने पाहावी.

नोंदीचे वाचन

सर्वाधिक माहिती ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ या दोन रेषांमधील अंतरातून मिळते. कॉमन रेल इंजिनात संगणक हवा तो इंधनदाब ठरवतो. पूर्ण भाराखाली हा दाब १,६०० बारपर्यंत, काही इंजिनांत त्याहूनही वर जातो. निष्क्रिय गतीला दोन्ही रेषा जुळतात, पण चढावर प्रत्यक्ष दाब मागे पडतो, तेव्हा प्रथम डिझेल फिल्टर व टाकीकडील नळ्या पाहाव्यात. फिल्टर बदलूनही अंतर राहिले तर इंजेक्टरांतून परत वाहणारे डिझेल मोजावे. महागडा पंप शेवटी. टर्बोचा प्रत्यक्ष दाब कमी पडत असेल तर इंटरकूलरचा फाटलेला होस हे नेहमीचे आणि स्वस्तातले कारण असते.

शीतकाचे तापमान बाहेरच्या हवेच्या तापमानासोबत वाचावे. सारख्याच भाराला, सारख्याच चढावर ते दर महिन्याला थोडे वाढत असेल, तर रेडिएटरची जाळी धूळ, पाचट किंवा कापसाच्या तंतूंनी भरत असल्याची शक्यता असते. साखर कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवल्यास निष्कास वायू पुरेसे तापत नाहीत. काजळी जाळण्याचे चक्र अपुरे राहते आणि दोन चक्रांमधील अंतर नोंदीत आखडत जाते.

मर्यादा

संगणकाला दिसते तेवढेच नोंदीत येते. बेअरिंगची झीज किंवा ऑइलमध्ये मिसळलेले डिझेल तिच्यात सहसा दिसत नाही. त्यासाठी ऑइल तपासणी व कॉम्प्रेशन चाचणीच लागते. बाजारातील अनेक स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर मोटारगाड्यांसाठी बनवलेले असतात. ते जे१९३९ वाचतीलच असे नाही, आणि केवळ १२ व्होल्टसाठी बनवलेला अडॅप्टर २४ व्होल्टच्या ट्रकला जोडल्यास जळू शकतो.