फुलपाखरांच्या घुमटाखाली

बंगळूरुजवळच्या बन्नेरघट्टा जैविक उद्यानात २००६ साली फुलपाखरू उद्यान सुरू झाले. देशातील अशा प्रकारचे ते पहिले. सहलीत आम्ही मुलांना तेथे नेले, तेव्हा वाघ-हत्ती पाहून आलेली मुले काहीशी नाराजच होती. पारदर्शक छताच्या घुमटाखाली पाऊल टाकताच मात्र सारी गप्प झाली. आतील दमट ऊब हेतुपुरस्सर राखलेली असते. फुलपाखराला स्वतःची देहोष्णता पुरेशी नसते. उडण्याआधी त्याला पंख पसरून अंग तापवावे लागते.

फुलांतील मकरंदावर फुलपाखरू जगते, पण त्याचा वंश चालतो तो पानांवर. मादी पायांनी पानाची चव घेते आणि ओळख पटली तरच अंडे घालते. लिंबू वा कढीपत्त्यावरील अळीला रुईचे पान चालत नाही. रुईवर वाढणारी अळी त्या चिकातील विष अंगात साठवते, म्हणून पुढे पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. आमच्या महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या राणी पाकोळीचे बालपणही लिंबूवर्गीय पानांवरच जाते.

कोशांपाशी सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, अळी मेल्यावर फुलपाखरू होते ना? मग हा तिचा पुढचा जन्म का?” प्रश्न लहान नव्हता. घरोघरी ही उपमा आत्म्यासाठी सर्रास वापरली जाते. आम्ही तिला सांगितले, की येथे कोणीही मरत नाही. कोशात अळीचे बरेचसे अवयव विरघळतात. पंख-पाय ज्यांपासून घडतात त्या पेशी अळीच्या देहात आधीपासूनच असतात, आणि मज्जासंस्था नव्याने जुळवली जाते. एक देह सोडून दुसऱ्यात शिरणारे काहीही नाही. आहे ती अखंड बदलणारी प्रक्रिया. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्मा नाकारून ज्या अनित्यतेचे विवेचन केले, ती वर्गात शिकवताना आम्हाला इतके सोपे उदाहरण कधी सुचले नव्हते.

प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जाती अपृष्ठवंशीय आहेत. तरी प्राणिसंग्रहालयांत त्यांना जागा उशिरा मिळाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कीटकगृह उघडले ते १८८१ साली. (इतिहासाच्या शिक्षकाला राहवत नाही म्हणून सांगतो: १९२१-२२ मध्ये बाबासाहेब किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात राहत, तेथून हे प्राणिसंग्रहालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे.)

फुलपाखरासाठी हात पुढे करणारी आमची मुले अळी दिसताच अंग चोरत होती. ही किळस उपजत नसते, ती शिकवलेली असते. आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. परतीच्या वाटेवर त्याच मुलीने शाळेच्या लिंबावरील फवारणीबद्दल विचारले. ती आम्ही थांबवली. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी कोवळी अळी आता मुले पानासकट हातावर घेतात, आणि कुंपणाजवळची रुई कोणी उपटू लागला तर त्याला अडवतात.