मूळ-संयुक्त सुडोकू

मूळ-संयुक्त सुडोकू हा सुडोकू या अंककोड्याचा एक उपप्रकार आहे. यात सुडोकूचे सर्व नियम कायम राहतात. त्यांच्या जोडीला, घरातील अंक मूळ संख्या आहे की संयुक्त संख्या हे सांगणारी खूण काही किंवा सर्व घरांवर केलेली असते.

पार्श्वभूमी

सुडोकूत ९ × ९ अशा ८१ घरांचा चौरस असतो. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या स्तंभात आणि ३ × ३ च्या लहान चौरसात १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच यावे लागतात. या कोड्याचे आधुनिक रूप १९७९ मध्ये अमेरिकेतील डेल मासिकांत ‘नंबर प्लेस’ या नावाने प्रसिद्ध झाले. हॉवर्ड गार्न्स हे त्याचे रचनाकार मानले जातात. १९८४ मध्ये निकोली या प्रकाशनसंस्थेने ते जपानमध्ये आणले आणि पुढे ‘सुडोकू’ हे नाव रूढ झाले. एखादी जादा अट घालून सुडोकूचे अनेक उपप्रकार तयार होतात. सम-विषम सुडोकू हा त्यांपैकी एक असून मूळ-संयुक्त सुडोकू त्याच धर्तीचा आहे.

अंकांची विभागणी

ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः असे दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या होय. दोनपेक्षा अधिक विभाजक असलेली संख्या संयुक्त असते. त्यानुसार:

- मूळ संख्या: २, ३, ५, ७
- संयुक्त संख्या: ४, ६, ८, ९
- दोन्हींपैकी नाही: १

१ ला एकच विभाजक असल्याने तो कोणत्याही गटात बसत नाही. परिणामी प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि लहान चौरसात चार मूळ अंक, चार संयुक्त अंक आणि एक १ असतो. मूळ अंकासाठी वर्तुळ आणि संयुक्त अंकासाठी चौकोन अशा खुणा योजता येतात. सर्व खुणा दिलेल्या असतील, तर खूण नसलेले घर १ चे असते.

सोडवण्याची रीत

समजा, एका ओळीतील पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या व आठव्या घरात वर्तुळ आहे. दुसऱ्या, पाचव्या, सातव्या व नवव्या घरात चौकोन आहे. चौथे घर मोकळे असल्याने तेथे १ येतो. तिसऱ्या घरात ५ दिलेला असेल, तर उरलेल्या वर्तुळांत २, ३ व ७ हेच अंक येऊ शकतात. पहिल्या स्तंभात २ आणि ३ आधीच असतील, तर पहिल्या घरात ७ निश्चित होतो. आता आठव्या स्तंभात २ असेल, तर आठव्या घरात ३ आणि सहाव्या घरात २ येतो. चौकोनांची घरे याच रीतीने स्वतंत्रपणे भरता येतात.

एक रिकामी ओळ भरण्याचे एरवी ३,६२,८८० प्रकार संभवतात. खुणा दिल्यावर ते ४! × ४! म्हणजे ५७६ उरतात.

एकमेव उत्तराची अट

चांगल्या कोड्याचे उत्तर एकच असावे लागते. केवळ खुणांवरून असे उत्तर मिळू शकत नाही, कारण तयार उत्तरातील सर्व २ आणि सर्व ३ यांची अदलाबदल केली तरी एकही खूण मोडत नाही. म्हणून दिलेल्या अंकांत किमान तीन वेगवेगळे मूळ अंक आणि तीन वेगवेगळे संयुक्त अंक, असे सहा अंक असणे आवश्यक ठरते. ही अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही. सहा अंक दिले म्हणजे उत्तर एकमेव होईलच असे नव्हे. नेहमीच्या सुडोकूत याच कारणाने किमान आठ वेगवेगळे अंक द्यावे लागतात.

शैक्षणिक उपयोग

सर्व विषम संख्या मूळ असतात आणि सर्व सम संख्या संयुक्त असतात, असा विद्यार्थ्यांचा गैरसमज होऊ शकतो. २ सम असूनही मूळ आहे, तर ९ विषम असूनही संयुक्त आहे. सर्व खुणा दिलेल्या कोड्यात ९ ला मूळ मानले, तर मूळ अंक पाच होतात आणि ओळीतील वर्तुळे चारच असतात. अशा रीतीने चूक कोड्यातच उघडी पडते आणि विद्यार्थ्याला व्याख्येकडे परतावे लागते.