त्रेसष्टाव्या सेक्टरचा घोळ

डिस्क नवी, तरी फाइल सेव्ह करताना कॉम्प्युटर रेंगाळतो. खापर डिस्कवर फुटते. खरी गोम कधी कधी पार्टिशन कुठून सुरू होते यात असते.

गैरसमज: पार्टिशन कुठूनही सुरू झाले तरी चालते.

वस्तुस्थिती: सेक्टर ५१२ बाइटचे होते तोवर घरगुती डिस्कवर ते चालून जाई. विंडोज एक्सपी पहिले पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करी. एका ट्रॅकवर ६३ सेक्टर मानण्याच्या जुन्या हिशेबाचा तो वारसा. २०१० च्या सुमारास ४०९६ बाइटच्या सेक्टरच्या डिस्क बाजारात रुळू लागल्या आणि गणित बिघडले. पत्ते मात्र जुन्याच ५१२ बाइटच्या हिशेबाने मोजले जात राहिले. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६. त्याला ४०९६ ने भागले की उत्तर ७.८७५. परिणामी फाइल सिस्टिमचा ४ केबीचा प्रत्येक क्लस्टर दोन सेक्टरांत विभागला जातो. अर्धवट सेक्टर लिहिता येत नाही. डिस्क तो आधी वाचते, बदलते आणि तबकडी फिरून परत आली की लिहिते. ७२०० आरपीएमच्या डिस्कला त्या एका फेरीसाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात.

गैरसमज: मग सगळीच कामे मंदावतात.

वस्तुस्थिती: नाही. सलग सिनेमा पाहताना फरक जेमतेम जाणवेल. फटका बसतो तो डेटाबेससारख्या विखुरलेल्या, छोट्या लेखनाला.

गैरसमज: एसएसडीत तबकडीच नाही, तेव्हा प्रश्नच मिटला.

वस्तुस्थिती: फ्लॅश मेमरीतही लेखन ‘पेज’च्या मापाने होते. सीमा चुकली की एका पेजचे काम दोन पेजवर जाते. वेळ वाढतो, झीजही वाढते.

गैरसमज: फॉरमॅट किंवा डीफ्रॅग केले की झाले.

वस्तुस्थिती: ही दोन्ही कामे पार्टिशनच्या आत चालतात, त्याची सुरुवात जागची हलत नाही. एक्सपीच्या पार्टिशनवरच विंडोज ७ टाकले किंवा जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली, तर ६३ चा आकडाही सोबत येतो. वेस्टर्न डिजिटलने एक्सपी वापरणाऱ्यांसाठी काही डिस्कवर जंपरची सोय दिली होती. तो लावला की ६३ चा ६४ होई. पण डिस्कवर एकच पार्टिशन असेल तरच त्याचा उपयोग.

व्हिस्टापासून विंडोज, तसेच लिनक्सची आजची साधने नवे पार्टिशन साधारणपणे १ एमबीवर, म्हणजे २०४८ व्या सेक्टरवर सुरू करतात. तपासायचे असल्यास विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ पाहावा. ४०९६ ने निःशेष भाग गेला तर काहीच करू नये. न गेल्यास आधी बॅकअप घ्यावा, मगच पार्टिशन हलवावे.