काठीला कळणारी खाडी

होडी म्हटली की वल्हे आलेच, अशी आपली समजूत. उपनगरांतल्या खाड्यांवर ती अर्धीच खरी ठरते. गोराई-मनोरीच्या खाडीचे तिवरांत शिरणारे फाटे घ्या, किंवा मुलुंड-भांडुपच्या मिठागरांपलीकडचा ठाणे खाडीचा काठ. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी उरते. वल्हे पुरते बुडत नाही, बाजूंना पसरायला जागा नसते आणि यंत्र लावावे तर पंख्याला गाळ नाहीतर प्लास्टिक धरते. उरते ती बांबूची लांब काठी. तळाला टेकवायची आणि होडी रेटायची.

सांगायला एवढेच. काठी होडीपासून दूर टोचली तर होडी फिरते. म्हणून ती कडेला लगटून, जवळजवळ उभी सोडतात. उभ्या काठीवरचा जोर तळात जिरतो. होडी सरकून काठी मागे कलली की तोच जोर पुढे ढकलू लागतो. दोन रेट्यांच्या मध्ये काठी मागे तरंगत ठेवली की सुकाणूचे काम करते. खरी परीक्षा ती उपटताना. रेतीतून काठी सहज सुटते, गाळ मात्र धरून ठेवतो. ओढण्याआधी तिला पीळ द्यावा लागतो. तरीही सुटली नाही, तर काठी सोडावी, होडी सोडू नये. लटकणारा माणूस पाण्यात नव्हे, चिखलात पडतो.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पंट नावाच्या सपाट बुडाच्या होड्याही अशाच चालतात. कोणत्या टोकाला उभे राहावे यावर मात्र दोन्ही गावांचे एकमत नाही. (व्हेनिसचा गोंडोला या पंगतीत बसवू नये. तो एका वल्ह्याने चालतो.) पण त्या होड्या हिंडतात तिथे भरती-ओहोटी नाही. आपल्याकडे तळ दिवसातून दोनदा वर येतो.

कधी येतो, याचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराला. हे भांगाचे दिवस, पाणी फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला भरती सव्वाअकरा-बाराच्या आसपास, आणि उधाणाची ओहोटी खाडी पार उघडी करते. लक्ष्मीपूजनाला आपण पणत्या लावतो, साधारण त्याच वेळी तिथे चिखल वर आलेला असतो.

काठीचे दुसरे काम मोजण्याचे, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. प्रत्येक रेट्याला खोली कळते. खाली रेती आहे, गाळ आहे की शिंपले, तेही हाताला कळते. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत गेला. पक्षी मोजले जातात, ते योग्यच आहे. पण पक्षी ज्या चिखलावर उतरतात तो कोणत्या फाट्यात किती चढला, हे काठीवाल्याच्या मनगटाला रोज कळते आणि कागदावर येत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गाळाने भरलेल्या मिठीने काय केले ते आपण पाहिले आहे.

नोंद ठेवणे अवघड नाही. बांबूवर वीतवीत अंतरावर खुणा कराव्यात. ठरलेल्या जागी, उधाणाच्या ओहोटीला, काठी किती भिजली आणि किती रुतली ते तिथी-वेळेसह लिहावे. एका नोंदीवर काही ठरत नाही, कारण सगळी उधाणे सारखी नसतात. निदान दोन पावसाळे तरी हवेत.